हळिवात बी-१२ हे जीवनसत्त्व असतं का? (आणि दह्यात, इडलीत, स्पिरुलिनात?)

खमंग काकडी (धागाकर्ती)

"हळीव ही जगातली एकमेव वनस्पती जिच्यात बी-१२ असतं. इंग्लंडमधल्या विद्यापीठाने सिद्ध केलं. आपल्या आज्यांना हे आधीच ठाऊक होतं." हे ढकलपत्र सध्या सगळीकडे फिरतंय, तुमच्याकडेही आलं असेल. खाली लाडवांची ऑर्डर घेणाऱ्या बाईंचा नंबर. लाडू उत्तमच असतील, त्याबद्दल तक्रार नाही. गंमत अशी की यातलं विद्यापीठ खरं आहे आणि संशोधनही खरं आहे. मधलं एक वाक्य तेवढं गळलंय, आणि नेमकं त्यामुळेच अर्थ उलटा झालाय.

मूळ काम २०१८ सालचं. केंट विद्यापीठातले मार्टिन वॉरन यांचा गट आणि सँडविच गावातल्या सर रॉजर मॅनवुड शाळेतली मुलं यांनी मिळून हळीव पेरलं. ज्या माध्यमात ते वाढत होतं त्यात बी-१२ मिसळलं, कुठे कमी, कुठे जास्त. जितकं जास्त मिसळलं तितकं रोपांच्या पानांत जास्त सापडलं. मग बी-१२ ला चमकणारा रेणू जोडून ते पेशीत कुठे जातं तेही पाहिलं. रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या साठवणीच्या पिशवीत, जाऊन साठतं.

थोडक्यात, हळिवाने बी-१२ तयार केलं नाही. बाहेरून दिलेलं शोषलं, आणि तेही रोपाच्या पानांत. आपण नारळाच्या पाण्यात भिजवून गूळखोबऱ्यात शिजवतो ते बी. शेतात हळिवाला कुणी बी-१२ घालत नाही.

मी शिकले सूक्ष्मजीवशास्त्र, त्यामुळे या विषयावर जरा जास्त बोलते, सांभाळून घ्या. बी-१२ कुठलीच वनस्पती बनवत नाही. आणि हे लोक विसरतात, कुठलाच प्राणीही बनवत नाही. ते बनवतात फक्त जिवाणू आणि आर्किया नावाचे त्यांचे लांबचे भाऊबंद. गाय-म्हशीच्या पहिल्या पोटात हे जिवाणू असतात, त्यांना चाऱ्यातून कोबाल्ट मिळालं की ते बी-१२ बनवतात, ते जनावराच्या रक्तात जातं, मग दुधात आणि मांसात उतरतं. आपल्या मोठ्या आतड्यातले जिवाणूही बनवतात, पण आपण ते शोषतो लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, म्हणजे त्याच्या आधीच्या स्टेशनावर. गाडी पुढे गेल्यावर माल चढून उपयोग काय?

तर इथल्या शाकाहारी मंडळींना विचारायचंय. तुम्ही बी-१२ चं काय करता? गोळी, इंजेक्शन, दूध, की "काही होत नाही"?

मेतकूट भात

काकडीताई, लेख छान, पण हळिवाला एवढं खाली बसवू नका हं. आमच्याकडे बाळंतिणीला हळिवाची खीर आणि लाडू दिल्याशिवाय चालतच नाही. लोह केवढं असतं त्यात!

खमंग काकडी

काकू, बाळंतिणीला हळीव जरूर द्या, प्रथिनं आहेत, स्निग्धांश चांगला आहे. लोहाचा जो अवाढव्य आकडा सगळीकडे फिरतो, शंभर ग्रॅमला १०० मिलिग्रॅम, तो पोषणमूल्यांच्या जुन्या तक्त्यांतला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली नवे तक्ते काढले, त्यात तो बराच खाली आला आहे. तरीही वाईट नाही. लिंबू पिळलं किंवा सोबत आवळा-पेरू खाल्ला तर वनस्पतीतलं लोह जास्त शोषलं जातं, आणि जेवणाला चिकटून चहा घेतला तर कमी. पण हा धागा लोहाचा नाही, नाहीतर भरकटेल.

कट्ट्यावरचा

वाचनखूण साठवली.

रात्रपाळी

धाग्याबद्दल आभार. मी वैद्यकीय क्षेत्रात आहे. इथे कुणाला वैयक्तिक डोस सांगणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

एक गोष्ट ठळक लिहायला हवी. बी-१२ कमी झालं की रक्त कमी होतं, असं लोकांना वाटतं. हिमोग्लोबिन बारा-तेरा आलं की निश्चिंत. पण मज्जातंतूंचं नुकसान रक्त ठीक असतानाही होऊ शकतं. तळपायांना मुंग्या, जळजळ, अंधारात चालताना तोल जाणं, डोळे मिटून तोंड धुताना पुढे झुकायला होणं. वयस्कर माणसांत विसराळूपणा, चिडचिड. घरचे म्हणतात "वय झालं". बरं, यकृतात बी-१२ चा साठा काही मिलिग्रॅमचा असतो आणि रोज लागतं काही मायक्रोग्रॅम, म्हणून खाण्यात बदल केल्यावर टंचाई जाणवायला काही वर्षं जातात. "मी दूध सोडून दोन वर्षं झाली, मला काही झालं नाही" या वाक्याला म्हणूनच फार अर्थ नसतो.

दुसरं, फोलिक ॲसिड, म्हणजे पालेभाजीत असणाऱ्या फोलेट या जीवनसत्त्वाचं गोळीतलं रूप. ते भरपूर मिळालं की रक्ताचं चित्र सुधारतं, तांबड्या पेशी नीट दिसायला लागतात. मज्जातंतू मात्र बिघडत राहतात. म्हणून नुसती फोलिक ॲसिडची गोळी घेऊन समाधान मानू नये.

तिसरं, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणारे आणि पित्तासाठी वर्षानुवर्षं सकाळी उपाशीपोटी कॅप्सूल घेणारे. दोन्ही औषधांनी शोषण कमी होतं. आपल्याकडे एकाच घरात शाकाहार, मेटफॉर्मिन आणि पित्ताची कॅप्सूल या तिन्ही गोष्टी सहज सापडतात. गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारून तपासणी करा.

कर्वे रस्ता

रात्रपाळी, बी-१२ च्या टंचाईवर पुण्यातलंच काम आहे, त्याबद्दल इथे कुणीच कसं लिहिलं नाही?

के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने ४४१ मध्यमवयीन पुरुषांची रक्तं तपासली होती. तीन ठिकाणचे: खेड्यातले, पुण्यातल्या झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले. २००६ साली प्रसिद्ध झालं. एकूण ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी निघालं. माझ्या दृष्टीने खरी बातमी पुढची आहे. सगळ्यात वाईट अवस्था कुणाची? शहरी मध्यमवर्गाची, ८१ टक्के. म्हणजे खेड्यातल्या आणि झोपडपट्टीतल्या माणसांपेक्षा आमच्या सोसायटीतला माणूस वाईट. शाकाहार्‍यांना धोका नेहमी मांसाहार करणाऱ्यांच्या चौपटीहून जास्त. आणि फोलेटची कमतरता जवळपास नाहीच, कारण पालेभाजी आणि डाळी खाणारी माणसं.

आता हे गरिबीच्या नेहमीच्या हिशेबात बसत नाही. पैसा आहे, फळं आहेत, सुकामेवा आहे, फक्त हा एक जीवनसत्त्वाचा डबा रिकामा.

वऱ्हाडी ठेचा

याचं कारण स्वच्छता तर नाही? आमचे आजोबा म्हणत, विहिरीचं पाणी प्यायलो, हात न धुता बोरं खाल्ली, काही झालं नाही. मातीतले जिवाणू पोटात जात असतील.

रात्रपाळी

ही शंका शास्त्रज्ञांनाही आली होती. ब्रिटनमध्ये स्थलांतर केलेल्या शाकाहारी हिंदू कुटुंबांत बी-१२ च्या कमतरतेमुळे होणारा पांडुरोग (ॲनिमिया) जास्त दिसला, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी असा तर्क मांडला की भारतात अन्न-पाण्यातून नकळत थोडे जिवाणू मिळत असावेत. तर्क म्हणून ठीक. पण त्यावरून कुणी "भाज्या धुवू नका" म्हणायला लागला तर हात जोडून सांगतो, कावीळ, टायफॉइड आणि जंतही त्याच वाटेने येतात. मातीतून मिळणारं बी-१२ भरवशाचं नाही, हगवण मात्र भरवशाची आहे.

कर्वे रस्ता

पुढचा भाग राहिला. याच गटाचं मोठं काम गरोदर बायांवर आहे. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून सुरू केलेला पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी. गरोदरपणात आईचं खाणं आणि रक्त तपासलं, मग मुलांना वर्षानुवर्षं तपासत राहिले. जवळजवळ दोन तृतीयांश आयांचं बी-१२ कमी होतं. मुलं सहा वर्षांची झाल्यावर असं दिसलं की इन्सुलिनला शरीर दाद देत नाही ही अवस्था सगळ्यात जास्त कुणाच्या मुलांत? ज्यांच्या आईचं बी-१२ सगळ्यात कमी आणि फोलेट सगळ्यात जास्त होतं त्यांच्या. २००८ साली छापलं. जन्मताना बारीक दिसणारं बाळ, पण अंगात चरबीचं प्रमाण जास्त, हेही याच अभ्यासातून पुढे आलं.

मग त्याच मुलांना, किशोरवयात आल्यावर, रोज २ मायक्रोग्रॅम बी-१२ देऊन त्यांच्या पुढच्या पिढीवर काय परिणाम होतो ते पाहिलं, काहींना नुसतं बी-१२, काहींना इतर सूक्ष्म पोषकांसोबत. या चाचणीचं नाव प्रिया. त्यांच्या मुलांच्या दोन वर्षांच्या वयात आकलन आणि भाषा यांत काही फरक दिसला. मुलांची संख्या कमी होती, तेव्हा उड्या मारू नका. पण दोन मायक्रोग्रॅम म्हणजे किती किरकोळ डोस आहे ते बघा. इंजेक्शन वगैरे काही नाही.

शेवग्याची शेंग

म्हणजे सरकार गरोदर बायकांना लोह आणि फोलिक ॲसिड देतं, तेच चुकतंय का??

रात्रपाळी

नाही नाही, असा अर्थ काढू नका. फोलिक ॲसिडमुळे बाळाच्या पाठीच्या कण्यातले जन्मजात दोष टळतात, हे पक्कं आहे, त्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. प्रश्न एवढाच आहे की आपल्यासारख्या देशात त्या गोळीत बी-१२ पण का नको? याज्ञिकांच्या गटाचा रोख साधारण इकडेच आहे, आणि मला तो पटतो.

गिरणगाव

फोलेटचा विषय निघालाच आहे तर एक अवांतर, पण तितकंही अवांतर नाही. फोलेटचा शोध मुंबईत लागला म्हटलं तरी चालेल.

१९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्लिश डॉक्टरीण बाई मुंबईला आल्या. गिरण्यांतल्या गरोदर कामगार बायकांना होणाऱ्या एका भयंकर पांडुरोगाचा तपास करायचं काम होतं, हाफकिन संस्थेतून चालणाऱ्या चौकशीचा तो भाग. तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या, आणि बायका मरत होत्या. त्या काळी मिनो आणि मर्फी यांनी रोज भरपूर कलेजी खायला घालून एक प्राणघातक पांडुरोग बरा केलेला होता, पुढे १९३४ साली त्यांना नोबेलही मिळालं. पण मुंबईच्या बायकांना शुद्ध केलेला कलेजीचा अर्क देऊनही फरक पडेना. विल्सबाईंनी उंदीर आणि माकडांवर वेगवेगळे आहार करून पाहिले आणि शेवटी यीस्टचा काळा चिकट अर्क, मार्माइट, देऊन पाहिला. गुण आला! १९३१ साली त्यांनी ते छापलं. पुढे कित्येक वर्षं त्या अज्ञात द्रव्याला विल्स फॅक्टर म्हणत. ते म्हणजे फोलेट, जे १९४१ साली पालकाच्या पानांतून वेगळं काढलं गेलं.

कलेजीतलं दुसरं द्रव्य, म्हणजे बी-१२, १९४८ साली हाती लागलं, आणि डोरोथी हॉजकिन यांनी १९५६ साली त्याची रचना उलगडली. एवढ्या गुंतागुंतीच्या रेणूबद्दल त्यांना पुढे नोबेल.

दोन्हींच्या कमतरतेत रक्त अगदी सारखं दिसतं, म्हणून हा घोळ. मुंबईच्या गरीब बायकांना पालेभाजीत असतं ते कमी पडत होतं, आजच्या पुण्याच्या सुखवस्तू माणसाला पालेभाजीत नसतं ते.

मेतकूट भात

वा गिरणगाव, हे माहीत नव्हतं! आमच्या सासूबाई त्या गिरणीच्या दवाखान्यात नर्स होत्या, त्यांना विचारायला हव्या होत्या अशा गोष्टी. बरं, आता मला सांगा, दूध प्यायचं की नाही? साधा प्रश्न आहे, साधं उत्तर द्या.

लॅबमधला

काकू, प्या. आकडे देतो.

गाईच्या किंवा म्हशीच्या दुधात १०० मिलिलिटरला साधारण ०.४ मायक्रोग्रॅम बी-१२. मोठ्या माणसाची रोजची गरज सव्वादोन ते अडीच मायक्रोग्रॅम. म्हणजे कागदावर सहाशे मिली दुधात भागतं. पुण्यातच शाकाहारी तरुणांना रोज तेवढं साधं म्हशीचं दूध दिवसातून तीन वेळा विभागून दिलं, तर त्यांच्या रक्तातलं बी-१२ वाढलेलं दिसलं.

तीन वेळा विभागून का? कारण जठरात एक प्रथिन तयार होतं, ते बी-१२ ला धरून पुढे नेतं, आणि ते एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच वाहू शकतं. त्यापुढचं शंभरात एखादा टक्का आपोआप झिरपतं. म्हणूनच १००० मायक्रोग्रॅमची गोळी घेतली तरी अंगात जेमतेम दहा-बारा जातात. लोक म्हणतात "एवढी मोठी गोळी, विषबाधा होईल", तसं नाही.

आता घरातलं दूध. पाश्चरायझेशनमध्ये बी-१२ फार जात नाही, पाच-दहा टक्के. पण दोन ते पाच मिनिटं खळखळून उकळलं की तीस टक्के जातं, अर्धा तास आटवलं तर निम्मं. आपण सकाळी उकळतो, दुपारी साय जाड यावी म्हणून परत, रात्री परत. आणि पितो किती? चहात. दिवसाचे चार चहा आणि प्रत्येकात दोन चमचे दूध, त्याला दूध पितो म्हणायचं!

खमंग काकडी

दह्याबद्दल मी लिहिते. "दही आंबवलेलं, म्हणजे जिवाणू, म्हणजे बी-१२" हे गणित चुकीचं आहे. दही लावणारे बहुतेक जिवाणू बी-१२ बनवत नाहीत, काही तर दुधातलंच वापरतात, आणि दही फ्रिजमध्ये पडून राहिलं की आणखी कमी होतं. इडली-डोसा, ढोकळा, आंबील यांचंही तसंच, भरवशाचं काही नाही. पनीर करताना निवळी फेकून देऊ नका, बरंचसं त्या पाण्यात जातं. पोळीची कणीक त्यात भिजवा.

बी-१२ बनवणारे अन्नातले जिवाणू आहेत. प्रोपिओनिबॅक्टेरियम कुळातले, स्विस चीजमध्ये भोकं पाडतात तेच. फिनलंडमध्ये हेलसिंकी विद्यापीठात धान्याच्या कोंड्यावर हे जिवाणू वाढवून पावात बी-१२ आणण्याचं काम झालंय. ज्वारीच्या आंबिलीत असं कुणी केलं तर मी पहिली गिऱ्हाईक.

फक्त पालापाचोळा

मी व्हीगन, म्हणजे दूधही घेत नाही; सात्त्विक शाकाहारी मंडळींना हे रुचत नाही हे माहितीये. आधी जनावराचं दूध प्या म्हणायचं, मग तेच उकळू नका म्हणायचं. बाजारातलं बी-१२ टाक्यांमध्ये जिवाणू वाढवूनच बनतं, त्यात प्राणी कुठेही नाही. मी आठवड्यातून दोनदा गोळी चघळते, विषय संपला. ब्रिटनमधल्या ऑक्सफर्डच्या अभ्यासात निम्म्याहून जास्त व्हीगन पुरुषांचं बी-१२ कमी निघालं होतं, ते काय व्हीगन होते म्हणून नव्हे, गोळी घेत नव्हते म्हणून.

जंगली महाराज

अंडं खा, प्रश्न मिटेल.

सोवळं ओवळं

झालं सुरू! प्रत्येक धाग्यावर शाकाहार्‍यांना अंडं खायला शिकवणारे येतातच.

जंगली महाराज

शिकवत नाही हो. शाळेतल्या पोरांबद्दल बोलतोय. महाराष्ट्रात २०२३ च्या नोव्हेंबरात शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू झालं होतं. न खाणाऱ्यांना फळ. २०२५ च्या जानेवारीत राज्याने त्याचे पैसे थांबवले. ज्यांच्या ताटात दूधही नाही त्यांच्या ताटातून अंडं काढायचं ठरवणारे स्वतः काय खातात?

संपादक मंडळ

धागा पोषणाचा आहे, राजकारण नको. तीन प्रतिसाद उडवले आहेत.

लॅबमधला

अंड्याबद्दल फक्त शास्त्र. एका अंड्यात सुमारे अर्धा मायक्रोग्रॅम बी-१२ असतं, पण ते फार कमी शोषलं जातं, नऊ टक्क्यांहूनही कमी मोजलं गेलंय. मटण आणि चिकनमधलं निम्म्याहून जास्त शोषतं, माशातलं चाळीसेक टक्के. म्हणजे अंड्यात प्रथिनं उत्तम, पण निव्वळ बी-१२ साठी दोन पेले दूध त्याच्या पुढे. कोकणातल्या माणसाला या धाग्याची गरजच नाही, बांगडा-तारली खाणाऱ्याला बी-१२ ची चिंता करायचं कारण नाही.

देवगडचा

आमची आई सांगायची, माशाने डोकं चालतं. आम्ही तरी मुंबईला येऊन थाळीतली पनीर मसाला खातोय.

रेशनची पिशवी

मी एक हिशेब मांडते, बघा बरोबर आहे का. रेशनवर गेल्या काही वर्षांत पोषकतत्त्वं मिसळलेला तांदूळ आला. लोह, फोलिक ॲसिड आणि बी-१२. लोक तो प्लॅस्टिकचा तांदूळ समजून निवडून टाकतात, ते वेगळं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या निकषात एका किलोला बी-१२ किती? ०.७५ ते १.२५ मायक्रोग्रॅम. माणशी महिन्याला पूर्ण ५ किलो तांदूळच मिळाला असं धरलं तर पाचेक मायक्रोग्रॅम. महिन्याची गरज सत्तरच्या आसपास. म्हणजे सातेक टक्के. फोलिक ॲसिड त्याच तांदळात किलोला ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम, शंभरपट! पुण्याच्या अभ्यासात ज्याची कमतरता नव्हतीच ते शंभरपट, आणि जे नव्हतं ते चिमूटभर.

रात्रपाळी

हिशेब बरोबर आहे. फक्त "शंभरपट" ऐकून घाबरू नका, फोलेटची रोजची गरजच शेकड्यांच्या मायक्रोग्रॅममध्ये असते, बी-१२ ची दोन-अडीच. गरजेच्या टक्केवारीत पाहिलं तर दोन्ही साधारण सारखंच पडतं. तरीही तुमचा मुद्दा मूळचा खरा आहे: बी-१२ चं प्रमाण वाढवायला भरपूर वाव आहे. आणि पिशवीतल्या दुधात फोर्टिफाइड असं लिहिलेलं असतं ना, ते अ आणि ड जीवनसत्त्वांसाठी.

न्यूजर्सीची मावशी

इकडे नाश्त्याच्या सीरियलमध्ये, सोया दुधात, पौष्टिक यीस्टमध्ये बी-१२ घातलेलं असतं, त्यामुळे मुलांचं भागतं. पण आईबाबा आले की त्यांना ते सीरियल म्हणजे जनावराचा चारा वाटतो. पोहे-उपम्यावरच असतात. माझा प्रश्न, स्पिरुलिनाच्या गोळ्या भारतातून मागवतात लोक, त्यांचं काय? पाकिटावर तर बी-१२ लिहिलेलं असतं.

खमंग काकडी

मावशी, स्पिरुलिनात आणि पुष्कळ शेवाळांत जे असतं त्याला छद्म बी-१२ म्हणतात. रेणूचा खालचा भाग वेगळा असतो, आपल्या शरीराला तो चालत नाही. जुन्या पद्धतीने जिवाणू वापरून मोजलं की तेही बी-१२ म्हणून मोजलं जातं, म्हणून पाकिटावर आकडे दिसतात. सुशीच्या नोरी पानांत थोडं खरं असतं, पण किती, ते पानापानावर बदलतं.

अलीकडची दोन कामं मात्र सांगण्यासारखी आहेत. २०२४ साली इस्रायल, आइसलंड वगैरे देशांतल्या शास्त्रज्ञांनी बंद यंत्रणेत, प्रकाश नियंत्रित करून वाढवलेल्या स्पिरुलिनात खरं, शरीराला चालणारं बी-१२ दाखवलं, १०० ग्रॅमला १.६४ मायक्रोग्रॅम. म्हणजे गोमांसाच्या आसपास. पण १०० ग्रॅम स्पिरुलिना खातं कोण? दुसरं त्याच वर्षी इंग्लंडमधून. जॉन इनेस सेंटर आणि इतरांनी मुळांवर पाण्याचे बारीक तुषार उडवून वाटाण्याचे कोवळे कोंब वाढवले आणि त्या पाण्यात बी-१२ घातलं. पंधरा ग्रॅम कोंबांत दिवसभराची गरज. हळिवाच्या प्रयोगाचंच पुढचं पाऊल म्हणा.

नाशिकचा शेतकरी

काकडीताई, माझ्याकडे छोटं हायड्रोपोनिक (मातीशिवाय पाण्यावर पिकवायचं) युनिट आहे, हॉटेलांना मायक्रोग्रीन देतो. वाटाणा, मुळा, हळीव सगळं लावतो. पाण्यात बी-१२ घातलं तर परवडेल का?

खमंग काकडी

पावडर फार महाग नाही आणि लागते मायक्रोग्रॅममध्ये. अडचण पुढची. प्रत्येक लॉटमध्ये किती उतरलं ते लॅबमध्ये मोजून घ्यावं लागेल, मोजल्याशिवाय पाकिटावर लिहिता येणार नाही, आणि ती तपासणी स्वस्त नसते. शिवाय लेबलवर पोषणाचा दावा करायचा तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे नियम. आधी जवळच्या कृषी विद्यापीठातल्या अन्नतंत्रवाल्यांना भेटा. खरं सांगू का, त्याच पैशात तुमचे गिऱ्हाईक वर्षभराच्या गोळ्या घेतील. तरी करून बघा, मला आवडेल.

शेवग्याची शेंग

हे सगळं वाचून मी उद्यापासूनच गोळी सुरू करतेय. गोळीत बी-१२ ची दोन रूपं मिळतात, त्यांतलं मिथाइल चांगलं की सायनो? दुकानदार म्हणतो मिथाइलच घ्या, सायनोत सायनाइड असतं.

लॅबमधला

सायनोकोबालामिनमध्ये सायनाइडचा गट असतो खरा, पण तो इतका नगण्य की त्याहून जास्त अळशीतून पोटात जातो. सायनो जास्त टिकाऊ आणि स्वस्त, शरीर त्याचं हवं ते रूप करून घेतं. आपल्या बाजारात मिथाइलचा बोलबाला आहे, त्याचं कारण बरंचसं विक्रीचं आहे.

पण उद्यापासून नको! आधी तपासणी, मग गोळी. चार दिवस गोळ्या घेतल्या की रक्तातलं बी-१२ वर चढतं आणि रिपोर्ट सुंदर येतो, आतली टंचाई कळत नाही. रिपोर्टवर २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर स्पष्टच आहे. २०० ते ३०० च्या मध्ये आलं तर होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक ॲसिड करून बघायला सांगतात, कारण बी-१२ खरंच कमी पडत असेल तर रक्तात ही दोन्ही द्रव्यं वाढतात. होमोसिस्टीनचं रक्त काढल्यावर नळी बर्फात ठेवून त्यातला रक्तद्रव लगेच वेगळा करावा लागतो, नाहीतर आकडा खोटाच वाढतो, तेव्हा घरी येऊन नमुना नेणाऱ्याला हे आधी विचारा. मुंग्या, तोल जाणं असं काही असेल तर मात्र रिपोर्टची वाट न बघता डॉक्टरांकडे.

शेवग्याची शेंग

बरं, मग आधी लॅब. मेटफॉर्मिन घेणाऱ्या नवऱ्यालाही सोबत नेते.